होडीतलं हँडल

आमचे अण्णा जन्मभर लोकांच्या भिंती रंगवत आले. काम सोडल्यावर त्यांनी एक जुनी फायबरची होडी घेतली आणि दर वर्षी तिला आतून-बाहेरून नवा रंग चढवायला लागले. आई गेल्यावर तर त्यांचा सगळा जीव त्या होडीतच अडकला. यंदाच्या आजारपणानंतर मात्र त्यांचे हात थरथरायला लागले, आणि एकदा होडीत उठता उठता ते आडवे झाले. दादाने तिथल्या तिथे निकाल लावला. "अण्णांच्या हातात आता पकड राहिली नाही. होडी विकून टाकू."

मी हटूनच बसले. धरायला काही नव्हतं म्हणून अण्णा पडले, असं माझं म्हणणं. शेवटी ठरलं, की मी आत हँडल बसवायचं. रविवारी अण्णा ते धरून आपले आपण उभे राहिले तर होडी राहील, नाहीतर जाईल. दादाने गिऱ्हाईक आधीच बघून ठेवलं होतं. आमचा दादा फार पुढचं बघतो.

मी ड्रिल काढलं तर अण्णा आडवे आले. "भोक पाडायचं नाही. फायबरच्या दोन थरांमध्ये फोम आहे. स्क्रूतून पाणी शिरलं की होडी आतून कुजते."

ते खरंच होतं. दुकानदारही म्हणाला, लाकडी ठोकळे इपॉक्सीने चिकटवा, पक्के वाळले की हँडल त्या ठोकळ्यांवर बसवा. फक्त आधी रंग खरवडून फायबर उघडं करा, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

मी पॉलिश पेपर हातात घेतला आणि अण्णांचा चेहरा उतरला.

"माझा रंग खरवडणार तू?"

"तळहाताएवढाच, अण्णा."

"माझा रंग सुटला, असं आजवर कुणी म्हणालं नाही. वरची चकाकी तेवढी घासून काढ, बास झालं."

मी समजावलं, चिडले, दुकानदाराला फोन लावून दिला. अण्णांनी तो कानाला न लावताच परत केला. ज्यांना मी रोज घास भरवते, त्यांना तुमचा रंग कच्चा आहे, हे कुठल्या तोंडाने सांगू? ठोकळे रंगावरच चिकटवले.

रविवारी होडी अंगणात ठेवली होती. अण्णा आत बसले, दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि उठायला लागले. गुडघे सरळ झाले. दादाने घडी घातलेले हात सोडले. तेवढ्यात फटकन आवाज झाला आणि अण्णा हँडलसकट खाली बसले.

ठोकळ्यांचं इपॉक्सी जसंच्या तसं होतं. त्याला रंगाची जाड खपली चिकटून आली होती. निळा, हिरवा, पांढरा, इतक्या वर्षांचे सगळे थर. होडीवर मागे गुळगुळीत फायबर उरलं होतं.

लागलं कुठेच नव्हतं. दादाने वाकून हात पुढे केला, पण अण्णा हँडल सोडेनात. आम्ही दोघांनी त्यांची बोटं उघडायचा प्रयत्न केला. एकही बोट हललं नाही.

"मी नाही सोडलं," अण्णा दादाला म्हणाले.

"नाही सोडलंत, अण्णा," दादा म्हणाला. मग त्याने त्यांना काखेत हात घालून उचललं, घरात नेलं, आणि बाहेर येऊन गिऱ्हाइकाला फोन लावला. मी तिथेच उभी होते.