दोन्ही हात सारखे

"हाताच्या पाठी एकमेकींना लावा. बोटं खाली. सोडू नका," कारखान्याचे डॉक्टर म्हणाले.

तिने हात उलटे जोडले. थोड्याच वेळात अंगठ्यात आणि शेजारच्या बोटांत मुंग्या चढल्या. करंगळी तेवढी शहाण्यासारखी गप्प राहिली.

टेबलावर प्लास्टिकचा पंजा होता. मनगटावरच्या आडव्या पट्ट्यावर पेन टेकवून डॉक्टर म्हणाले, "खाली हाडांची खोबण, वर हे अस्थिबंधाचं छप्पर. मधल्या बोगद्यातून बोटं वळवणाऱ्या नऊ दोऱ्या जातात आणि एक नस. दोऱ्या सुजतात. छप्पर तसूभर हलत नाही. चेंगरते ती नस."

"आमच्या घरासारखंच की," ती म्हणाली.

शिवलेल्या कपड्यांचे सुटे धागे कात्रीने कापण्यात तिचा जन्म गेला होता. दुखणं कामामुळे आहे असं डॉक्टरांनी लिहिलं, तर घड्या घालायच्या टेबलावर बदली. नाहीतर घरचा रस्ता. घरी खाणारी तोंडं भरपूर, आणणारी ती एकटी.

डॉक्टरांनी तिचे तळहात शेजारी शेजारी ठेवले. अंगठ्याखालचा मांसल उंचवटा दोन्हीकडे खोल बसला होता.

"दोन्ही हात सारखेच झालेत. कात्री तर एका हाताने चालते. हे कामाचं नाही, वयाचं."

"उजवा बधिर झाल्यापासून डाव्यानं कापते मी, साहेब. याला विचारा."

दाराशी उभा असलेला सुपरवायझर तिचा सख्खा भाचा होता. मोठ्या साहेबांचे पाय धरून तिनेच त्याला इथे चिकटवलं होतं. उजवा हात गेल्याचं तिने आधी त्यालाच सांगितलं होतं. 'डाव्यानं रेट, मावशी. बोभाटा करू नकोस, माझ्यावर येईल,' तो म्हणाला होता. तिने ऐकलं. कोणी टेबलाजवळ आलं की कात्री पुन्हा उजव्या हातात.

भाच्याने भिंतीकडे पाहिलं. "मी तर नाही बघितलं, सर."

"नाही बघितलंस? आणि रेट म्हणून कोण सांगत होतं रे मला?"

"मावशी, घरातलं इथे नको."

"तुला चिकटवताना घरातलंच चाललं की!"

डॉक्टर लिहू लागले होते.

बाहेर आल्यावर भाच्याने आवाज खाली आणला. "कात्री जमा करावी लागेल."

तिने एप्रनच्या खिशातून ती काढली, डाव्या हातानेच, आणि पुढे धरली. भाच्याने ती मुठीतून सोडवून घेतली. तिला ते दिसलं. हाताला कळलं नाही. तो निघून गेला, तरी मूठ कात्री धरल्यासारखी तशीच पुढे राहिली.