चार वाजता सरकणारी भिंत

मित्रांनो, भिंत म्हणजे जन्मभर एका जागी उभी राहणारी, असे तुम्ही धरून चालला असाल. मी तशी नव्हते. मला चार चाके होती, आणि त्यांचा मला फार तोरा होता.

वस्तीतल्या लोकांनी मिळून चालवलेल्या एका कलासंस्थेत माझा जन्म झाला. संस्थेकडे खोली एकच. सकाळी चित्रकला, दुपारी मातीकाम, संध्याकाळी नाटकाची तालीम. खोलीची मांडणी करायला एक ताई आल्या. आठवडाभर त्या कोपऱ्यात स्टुलावर बसून नुसते वर्ग पाहत होत्या. मग त्यांनी पुठ्ठ्याची एक भिंत केली आणि प्रत्येकाला म्हणाल्या, "ढकलून बघा. कुठे हवी ते सांगा."

मातीकाम शिकवणारे काका म्हातारे होते. त्यांचा उजवा हात अर्धांगवायूने गेला होता. ते म्हणाले, "मला कुणाला हाक मारायला लागू नये, एवढंच बघा ताई. एका हाताने सरकली पाहिजे."

"डाव्या?"

"डाव्याच. उजवा आता शोभेला आहे."

ताई हसल्या, पण ते त्यांनी वहीत लिहून घेतले. म्हणून सुताराने मला पोकळ आणि हलकी बनवले, पायाने सोडायचा ब्रेक बसवला आणि कडेला डाव्या हाताच्या उंचीवर एक खाच ठेवली.

सहा वर्षे रोज चार वाजता काका मागच्या दाराने येत, खाचेत बोटे घालत आणि "चला बाईसाहेब" म्हणत मला खिडकीपाशी नेत. मी ऊन अडवायची, म्हणजे मुलांची माती लवकर सुकत नसे. डॉक्टरांनी त्यांना शिकवणे सोडायला सांगितले होते. काका म्हणत, "भिंत हलतेय तोवर मी शिकवणार." खाचेभोवती त्यांच्या बोटांची माती वाळून बसली होती.

पुढे चित्रकलेच्या मुलांनी माझ्या पुढच्या बाजूवर मोठी नदी रंगवली. माणसे मुद्दाम बघायला येऊ लागली. तोंडभरून कौतुक झाले आणि मी वेडी हुरळून गेले. एका सकाळी बैठक झाली. चिटणीसबाई म्हणाल्या, "रोजच्या ढकलाढकलीत चित्राला ओरखडे पडतील. भिंत पक्की करून टाकू." सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणाच्याच मनात वाईट नव्हते. माझ्या तळाशी, आतल्या बाजूने, चार स्क्रू जमिनीत कसले गेले. 'हात लावू नये' अशी पाटी चित्राच्या बाजूला लागली. काकांना सांगायचे मात्र राहून गेले. दुसऱ्या कुणीतरी सांगितले असेल, असे प्रत्येकाला वाटले.

चार वाजता काका मागच्या दाराने आले. ब्रेक सोडला. "चला बाईसाहेब." मी हलले नाही. त्यांनी पुन्हा जोर लावला, मग खांदा लावला. त्यांना घाम फुटला. मला ओरडून सांगायचे होते, काका, तुमचा हात धडधाकट आहे, मलाच जखडलंय! पण मला तोंड कुठे आहे? ते बराच वेळ आपल्या डाव्या हाताकडे पाहत राहिले.

झाडू मारणाऱ्या मावशींनी विचारले, "काय झालं काका?"

"काही नाही. हाही गेला बहुतेक. मुलांना सांगा, काका थकले."

ते आले तसे मागच्या दाराने निघून गेले. वयामुळे सोडले असेल, असे सगळ्यांनी मानले.

चार महिन्यांनी काका वारले. शोकसभा याच खोलीत झाली. त्यांची सून म्हणाली, "शेवटी शेवटी साधा चमचाही उचलत नव्हते. डॉक्टर म्हणायचे, हात चांगला आहे. बाबा म्हणायचे, भिंत कशाला खोटं सांगेल?"

ताई सभेला आल्या होत्या. त्या तशाच उठल्या, वाकून माझ्या तळाखाली डोकावल्या आणि त्यांना स्क्रू दिसले. चिटणीसबाई स्वतः स्क्रूड्रायव्हर आणायला धावल्या.

त्याच दिवशी स्क्रू निघाले. आता मी पुन्हा सरकते. नदीवर ओरखडे पडलेत, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. चार वाजले की मात्र मला अजून त्या हाताची वाट पाहावीशी वाटते.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना जरूर जपा. पण जपण्याआधी एकदा विचारा, हिच्यावर कुणाचा हात असतो? माझे चित्र खरवडले तरी चालेल. खाचेतली माती तेवढी पुसू नका.