लाल अल्बम आणि मी

मित्रांनो, माझ्या निळ्या रेक्झिनला भेगा पडल्या आहेत आणि पाठ चिकटपट्टीने जोडली आहे, यावरून माझ्या वयाचा अंदाज तुम्हाला येईलच. मी नाण्यांचा जुना अल्बम आहे. आणि लपवून काय उपयोग? मी फार मत्सरी आहे.

माझा जन्म बेंगळूरुच्या अव्हेन्यू रोडवरच्या एका बाइंडरच्या दुकानात झाला. जाड पुठ्ठा, त्यावर रेक्झिन आणि आत प्लास्टिकच्या लहान लहान खणांची पानं. विद्याताई तेव्हा सांगलीहून नुकत्याच इथे आल्या होत्या. एका संशोधन संस्थेत त्यांना नोकरी लागली होती. त्यांनी मला विकत घेतलं आणि एक नियम केला: नाणं विकत आणायचं नाही. सुट्ट्या पैशांत आपसूक हाती येईल तेच लावायचं.

नाण्यावरच्या सालाखाली बारीक खूण असते, तुम्ही कधी पाहिली आहे का? चांदणी असेल तर ते हैदराबादच्या टांकसाळीतलं, पत्त्यांतल्यासारखी चौकट असेल तर मुंबईचं, ठिपका असेल तर नोएडाचं. काहीच नसेल तर कोलकात्याचं. विद्याताई हेब्बाळच्या बसमध्ये उभ्या उभ्या कंडक्टरने दिलेली चिल्लर उलटून बघत. मागची माणसं वैतागत.

शेजारच्या दारात कस्तुराबाई राहत. त्या निपाणीकडच्या. विद्याताई त्यांना कस्तुराक्का म्हणत. चष्म्याशिवाय त्यांना ती खूण दिसायची नाही, पण बाजारातून आल्या की पिशवीसकट आमच्याच घरात शिरत आणि सगळी चिल्लर टेबलावर ओतत.

"बघ गं विद्या, कायतरी घावतंय का!"

मग दोघी डोकी जवळ आणून बसत. नवं काही सापडलं की अक्का टाळी वाजवत आणि मला मांडीवर घेत. त्या काळात मला कोणाचाच मत्सर वाटत नव्हता. वाटायला दुसरं कोणी होतंच कुठे?

पुढे दिवस पालटले. भाजीवालाही पैसे घ्यायला फोन पुढे करू लागला. चिल्लर येईना, आणि मी कपाटात पडून राहू लागलो.

अशात विद्याताईंची मुलगी ऋचा शहराच्या दुसऱ्या टोकाच्या बेळ्ळंदूरहून आईच्या वाढदिवसाला आली. तिने आईला एक खोकं दिलं. त्यातून तो निघाला! लाल कातडी कव्हर, सोनेरी अक्षरं, प्रत्येक नाण्याला स्वतंत्र गोल डबी. एकही खण रिकामा नाही. ती नाणी बाजारात कधी फिरलीच नव्हती, आरशासारखी चमकत होती.

"किती सुंदर गं!" विद्याताई म्हणाल्या.

हे वाक्य त्यांनी माझ्याबद्दल कधी उच्चारलं नव्हतं. मित्रांनो, माझं अंग जळलं. त्यांनी त्याला दिवाणखान्यात ठेवलं. तो पाहुण्यांसमोर उघडला जाई, मी डांबरगोळ्यांचा वास घेत आत बसे. बाहेर कोणी "वा!" म्हटलं की ते मला नेमकं ऐकू येई.

पुढे आमच्या सोसायटीत छंदांचं दोन दिवसांचं प्रदर्शन भरलं. विद्याताईंनी टेबलावर आम्हा दोघांनाही मांडलं. गर्दी लोटली ती सगळी त्याच्याभोवती. एका मुलीने माझं पान उलटलं, बोटांचा वास घेतला, "छी!" म्हणाली आणि हात फ्रॉकला पुसले. कस्तुराबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पडलेला मी पाहिला. म्हणजे मी एकटाच जळत नव्हतो तर!

संध्याकाळी त्यांनी मला पदराखाली घेतलं आणि आपल्या घरी नेलं. माझी सगळी नाणी काढून त्यांनी ती चिंचेच्या कोळात टाकली, मीठ लावलं आणि देवाची उपकरणी घासतात तशी काथ्याने घसाघसा घासली. ओली होती तशीच परत खणांत भरली. मला खरंच वाटलं, आता बघतोच त्या लाल्याकडे!

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांनी मला गुपचूप टेबलावर परत मांडलं आणि लोक माझ्यापाशी थांबले. "अरे, हीसुद्धा छान आहेत की," कोणीतरी म्हणालं. मी फुगून गेलो.

तेवढ्यात विद्याताई आल्या. त्यांनी एक नाणं काढलं, उजेडात धरलं. मग दुसरं. वर्षानुवर्षं हातांत फिरून नाण्यावर चढलेला शांत रंग उडाला होता. त्याच्या जागी बारीक ओरखडे उमटले होते.

"कस्तुराक्का, हे तुम्ही केलंत?"

"मला बघवंना गं," अक्का म्हणाल्या. "समदी त्या लाल पुस्तकापाशीच. आपल्या नाण्यांस्नी कोण इचारंना."

"आपल्या?" विद्याताईंचा आवाज चढला. "यात आपलं काय आहे? अल्बम माझा आहे. निदान विचारायचं तरी!"

अक्का पिशवी उचलून निघून गेल्या. त्या दिवसापासून त्यांनी आमच्या घरी पाऊल टाकलं नाही. ओलाव्याने माझ्या खणांत हिरवट डाग धरले, ते पुसायलाही कोणी नव्हतं.

काही आठवड्यांनी ऋचा आली. मला पाहून म्हणाली, "आई, याची अवस्था बघ. यातली बरी नाणी नव्यात लावू या, आणि हा देऊन टाक रद्दीत."

रद्दीत! आणि माझी नाणी त्याच्या पोटात! याहून मोठा अपमान कोणता? पण मी काय करणार? विद्याताईंनी मला उघडलं आणि पहिलं नाणं काढलं.

"हे कस्तुराक्कांना नारळवाल्याने दिलेलं. ते सुट्ट्यांत मिळावं म्हणून त्यांनी नको असताना आणखी एक नारळ घेतला होता." त्या हसल्या. दुसरं काढलं. "हे तू तापाने फणफणली होतीस तेव्हाचं. त्या औषध आणायला धावल्या आणि येताना हे घेऊन आल्या."

तिसरं नाणं त्यांनी नुसतंच हातात धरलं.

"आई, हल्ली अक्का येत नाहीत का गं?" ऋचाने विचारलं.

विद्याताईंनी तिन्ही नाणी पुन्हा माझ्यात ठेवली, मला छातीशी धरलं आणि शेजारची बेल वाजवली. दार उघडून अक्का पुन्हा कढीपत्ता निवडायला बसल्या.

"अक्का, मी वाईट बोलले. अल्बम आपलाच आहे."

अक्कांनी आणखी एक काडी ओरबाडली. मग म्हणाल्या, "म्या बी न इचारता चिंच लावली. हात शिवशिवत हुतं बघ." आणि डोळे टिपून ओरडल्या, "उभी का? बस की!"

दोघींनी जुन्या मऊ धोतराच्या तुकड्याने एकेक नाणं कोरडं केलं. ओरखडे काही गेले नाहीत, ते आजही आहेत.

म्हणून सांगतो मित्रांनो, जुनी नाणी कडेला धरून हाताळा, कोरडी ठेवा, पण घासू नका. आणि दुसऱ्याच्या जपलेल्या वस्तूला हात लावण्याआधी विचारा, प्रेमाने लावायचा असला तरी. माझ्यासारख्यांना कपाटात कोंडूनही ठेवू नका. अंधारात मत्सर फार वाढतो.

माझा अजून पुरता गेलेला नाही. लाल अल्बम आजही दिवाणखान्यात दिमाखात बसतो आणि पाहुणे "वा!" म्हणतात. पण परवा ऋचा आली ती रुमालाची गाठ सोडतच. रिक्षावाल्याला मुद्दाम रोख पैसे देऊन तिने चिल्लर मागून घेतली होती.

"अक्का, यात काही आहे का बघा ना!"

अक्कांनी मला टेबलावर पसरलं. तिघी माझ्यावर वाकल्या, आणि चष्मा कुणी लावायचा यावरून त्यांचं भांडण जुंपलं.