नीट ऐकू येते

"आंबा," दमयंती हळू आवाजात म्हणाली.

ती मुलीच्या पाठीमागे हातभर अंतरावर उभी होती. मुलीचा डावा कान तिने बोटाने दाबून धरला होता. उजव्या कानावर पडलेला शब्द मुलीने परत म्हणायचा, एवढीच ती चाचणी. मुलगी अंगणातल्या फणसाकडे बघत राहिली.

दमयंतीने "पाटी" म्हटले, मग "होडी" म्हटले. कान बदलून आणखी तीन शब्द म्हटले. त्यांतला एकच, तोही अर्धा, परत आला. शेवटी तिने नेहमीच्या आवाजात नाव विचारले. तेव्हा मुलगी वळली आणि दमयंतीच्या ओठांकडे नीट बघून म्हणाली, "नम्रता."

दमयंतीच्या फाइलमध्ये याच मुलीचा तीन वर्षांपूर्वीचा फॉर्म होता. सहापैकी सहा शब्द बरोबर. शेरा : नीट ऐकू येते. खाली सही दमयंतीची होती. आणि या मुलीला तिने आज पहिल्यांदा पाहिले होते.

रत्नागिरीतल्या एका संशोधन केंद्रात दमयंती एकोणीस वर्षे कंत्राटावर काम करत होती. प्रोफेसर येत, प्रकल्प संपला की जात. घरोघर फिरून माहिती गोळा करणारी दमयंती मात्र तीच राहिली. बायकांचे रक्त कमी का, मुलांना पाढे का येत नाहीत, मुंबईला गेलेले बाप वर्षातून किती वेळा घरी येतात, असे काय काय तिने जिल्हाभर विचारले होते. लोक तिच्याशी मोकळेपणाने बोलत. तिचे फॉर्म स्वच्छ असत. नव्या मुलींना प्रोफेसर तिचेच फॉर्म नमुना म्हणून दाखवत.

तीन वर्षांपूर्वीचा प्रकल्प शाळेत मागे पडणाऱ्या मुलांचा होता; आता त्याच मुलांची फेरतपासणी चालू होती. मंडणगड तालुक्यातल्या या गावी तिला सतरा मुले तपासायची होती. खालच्या वाडीतली अकरा तिने नीट तपासली. उरलेली सहा सड्यावरच्या, डोंगरमाथ्यावरच्या वाडीत होती. तासभराची चढण. त्या दिवशी मुले शाळेत न येता वरच राहिली होती, दोनची एस्टी चुकली असती आणि दुसऱ्या दिवशी तिच्या भाचीचा साखरपुडा होता. शाळेच्या हजेरीपटावरून तिने नावे आणि वये उतरून घेतली आणि मंडणगडच्या स्टँडवर बसून सहा फॉर्म भरले. कारण एवढेच. त्याहून मोठे कारण तिला नंतरही कधी सापडले नाही.

सगळेच बरोबर दाखवले तर संशय येईल, म्हणून तिने एका मुलाला चार चुका देऊन टाकल्या. त्याचे नाव स्वरूप. केंद्राने त्याला कानाच्या डॉक्टरांकडे बोलावले. त्याचे आजोबा काशीराम त्याला घेऊन दोन गाड्या बदलून रत्नागिरीला आले. डॉक्टरांनी तपासून कान उत्तम असल्याचे सांगितले. दमयंतीनेच त्यांना स्टँडवर नेऊन सोडले होते. म्हातारा तिचे पुन्हा पुन्हा आभार मानत होता. तेव्हा तिला वाटले, चला, निभावले. त्या चार चुका तिने नम्रताच्या फॉर्मवर टाकल्या असत्या तर, हा विचार तिला आज सुचला.

मुलीची आई जनी ओसरीच्या खांबाला टेकून सगळे बघत होती. दमयंतीने विचारले, मुलगी कितवीत आहे? जनी म्हणाली की सहावीतूनच शाळा सोडली. गुरुजी विचारायचे ते हिला कळायचे नाही, मुले हसायची, मग ही जायलाच तयार होईना. आता गुरे राखते.

"हिच्या कानाचं कुणाला सांगितलं नाही का?" दमयंतीने विचारले.

"सांगितलं व्हतं ना," जनी म्हणाली. "गुर्जींस्नी सांगितलं, पोरीला आयकाय येत नाय वाटतं. त्यांनी कागद काढून दावला. मोठ्या लोकांनी तपासलंय, कान बरं हायत, पोरगी सोंग करतेय म्हनाले." तिने मुलीकडे पाहिले. "मंग मीच मारलं तिला. लय मारलं. सोंग सोड म्हनून."

दमयंतीने नवा फॉर्म भरला. खाली सही केली. जनीला ती एवढेच म्हणाली की रत्नागिरीला डॉक्टरांकडे बोलावणे येईल, नक्की या.

सोमवारी सकाळी ती प्रकल्पप्रमुखांसमोर उभी राहिली. सुहास सर तिच्याहून दहा वर्षांनी लहान, तिला ताई म्हणत. तिने सगळे सांगितले. सरांनी मध्ये एकदाही अडवले नाही. त्या अभ्यासावर दोन संशोधन मासिकांत लेख छापून झाले होते.

"अजून किती फॉर्म असे आहेत, ताई?"

"तेवढेच सहा, सर. शपथ घेते."

"माझा विश्वास आहे," सर म्हणाले. मग चष्मा काढून डोळे चोळत राहिले. "पण मला ते सिद्ध कसं करता येईल?"

करता येणार नव्हते. आठवडाभरात सरांनी दोन्ही मासिकांना कळवले, आणि त्या अभ्यासातले दमयंतीने भरलेले सगळे फॉर्म बाजूला काढले. चारशे बारा फॉर्म. त्यांतले चारशे सहा तिने उन्हातान्हात फिरून, मुलांना मांडीवर घेऊन, खरोखर भरले होते. शिपाई ते दोरीने बांधून खोलीबाहेर नेत होता तेव्हा ती दारातच होती. तिने गठ्ठ्याला एक हात लावला, त्याला जड होत होते म्हणून. तिचे कंत्राट पुढे वाढले नाही. त्याबद्दल ती कोणाशी भांडली नाही.

नम्रताला डॉक्टरांनी तपासले. कानाला यंत्र बसवले की बरेच ऐकू येईल, पण बोलणे आणि अभ्यास यांत गेलेली वर्षे भरून काढायला फार कष्ट पडतील, असे ते म्हणाले. यंत्र यायला महिना होता. दमयंतीला हे सरांकडून कळले. जनीला आधीच्या फॉर्मचे काय सांगायचे, तेही सरांनी विचारले. केंद्रातर्फे पत्र पाठवू म्हणाले. दमयंती म्हणाली, पत्र नको, मी जाते.

जानेवारीतल्या एका शनिवारी ती सड्यावरची चढण चढली. यावेळी फाइल नव्हती, गळ्यात ओळखपत्र नव्हते. जनी अंगणात कुळीथ पाखडत होती. तिने बसायला पोते पुढे सरकवले. दमयंती बसली नाही. उभ्यानेच तिने सांगितले, की त्या वर्षी मी वर आलेच नव्हते. तुमच्या मुलीला न बघताच लिहिले. गुरुजींनी दाखवला तो कागद माझ्या खोट्यावरून आला होता.

सूप थांबले.

"तिला सांगा," जनी म्हणाली.

"मी तुम्हाला..."

"मला नको. तुमी लिवलंत, तुमीच सांगा तिला."

नम्रता गुरांना पाणी दाखवून परसातून येत होती. आईने हाताने बोलावले तशी ती येऊन दमयंतीसमोर उभी राहिली. दमयंतीने सांगायला सुरुवात केली. मुलीने मान हलवली, कळले नाही म्हणून. दमयंतीने आवाज चढवला. शेजारच्या घरातून दोन बायका ओसरीवर आल्या. स्वरूपचा आजोबा काशीरामही काठी टेकत पुढे आला. दमयंतीला ते दिसत होते. तिने एकेक शब्द सुटा करून, ओरडून सांगितले, "मी तुला तपासलं नव्हतं. मी खोटं लिहिलं. तू सोंग करत नव्हतीस."

यावेळी मुलीला कळले. ती दमयंतीच्या ओठांकडे अजून थोडा वेळ बघत राहिली, आणखी काही येते का म्हणून. मग तिने आईकडे पाहिले. जनीने मान वर केली नाही.

नम्रता आईशेजारी जाऊन बसली. तिने आईच्या हातातले सूप काढून घेतले आणि कुळथातले खडे वेचू लागली. जनीचे हात मांडीवर तसेच उताणे राहिले. दमयंतीला कोणी बस म्हणाले नाही, की जा म्हणाले नाही.