वाचणारी आणि तपासणारा

बसमधल्या कुणालाच लेखकाचं काही पडलं नव्हतं. सकाळी चॉकलेटचा कारखाना, दुपारी धबधबा, आणि मधली जागा भरायला सहलीवाल्यांनी या थोर लेखकाचं जन्मघर घुसडलेलं. सहलीत एक दंतवैद्य होते, त्यांनी तर उतरण्याआधीच विचारून घेतलं, "तिथे स्वच्छतागृह आहे ना? मग चालेल." परदेशी येऊन माणसं काय काय बघतात, त्याचं आपण काय बोलणार! पण त्या बसमध्ये एक गृहस्थ असेही होते, की ज्यांनी ही सहल केवळ त्या घरासाठी निवडली होती. छापखान्यात त्यांना सगळे 'कानामात्रा' म्हणत, कारण निसटलेला काना त्यांना झोपेतसुद्धा दिसायचा.

कानामात्रा आयुष्यभर प्रुफं तपासत आले आणि त्यांची बायको प्रुफं वाचत आली. म्हणजे मूळ प्रत तिच्या हातात, छापलेला कागद त्यांच्या पुढ्यात. ती ओळीखाली बोट धरून मोठ्याने वाचणार, तेही विरामचिन्हांसकट, आणि ते लाल पेन घेऊन ताडून बघणार. "तो आला स्वल्पविराम बसला स्वल्पविराम आणि काहीच बोलला नाही पूर्णविराम." नव्या माणसाला ऐकून हसू फुटायचं. या दोघांचं लग्न मात्र त्यातूनच जुळलं. या लेखकाच्या पहिल्या कादंबरीचं भाषांतर छपाईला आलं, तेव्हा शेवटच्या प्रकरणाला तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण बाईने एक स्वल्पविराम गाळला नाही. कानामात्रा तिच्याकडे बघतच राहिले, आणि त्या पानावरच्या चुका तशाच छापल्या गेल्या. "कधीतरी त्या लेखकाचं घर बघायला जाऊ," असं तेव्हापासून चाललेलं.

आता जायचं जमलं, तर तिला काही आठवत नव्हतं. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग मुलीचं. मग एक दिवस 'अहो' गेलं आणि त्याच्या जागी 'भाऊ' आलं. "भाऊ, जरा पाणी मिळेल का?" स्वतःच्या स्वयंपाकघरात उभी राहून ती नवऱ्याला विचारायची, आणि तेही किती अदबीने! शिव्या घातल्या असत्या तरी त्यांना चाललं असतं.

मुलीने एका शुश्रूषागृहात खोली बघून ठेवली होती. "बाबा, तुम्ही पार थकलात," ती म्हणाली. "आणि तुमच्यात आणि नर्समध्ये आईला काही फरक तरी कळतो का?" बोलणं लागलं, पण खोटं नव्हतं. कानामात्रांनी एवढंच मागून घेतलं. आधी ही सहल. त्या घरात ती एकदा जरी त्यांना 'अहो' म्हणाली, तर घरीच राहील. नाही म्हणाली, तर ते पुढे चकार शब्द काढणार नाहीत.

गाइडबाईंनी मिटलेली छत्री उंच धरली आणि सगळ्यांना आत नेलं. "मूळ घर आगीत गेलं," त्या म्हणाल्या. "हे नंतर हुबेहूब बांधलंय. तसंही लेखक तान्हे असतानाच त्यांचे आईवडील त्यांना घेऊन हे गाव सोडून गेले होते."

"मग आपण बघतोय काय?" दंतवैद्य म्हणाले, आणि सगळे हसले.

पण आता माघार कसली! कानामात्रांनी बायकोचा हात धरून तिला आतल्या खोलीत नेलं. अरुंद पलंग, पाळणा, टवके उडालेलं घंगाळ, आणि रस्त्यावर उघडणारी एक खिडकी. कादंबरी याच खिडकीपासून सुरू होते.

"बघ, हीच ती खिडकी. ओळखलीस?"

"छान आहे हो, भाऊ," ती म्हणाली. "काच पुसायला झालीये."

पुस्तक पिशवीत होतं, पण पहिलं पान त्यांना तोंडपाठ होतं. त्यांनी घसा खाकरला आणि सपाट आवाजात सुरू केलं, "खिडकीशी आई उभी होती..."

ते श्वास घ्यायला थांबले. तिचं बोट खिडकीच्या चौकटीवरून सरकलं.

"स्वल्पविराम," ती म्हणाली.

कानामात्रांनी लगेच पुढचं म्हटलं, "बाहेर वारा सुटला होता..."

"स्वल्पविराम."

"आणि कुणीतरी येईल असं तिला अजून वाटत होतं."

"पूर्णविराम," ती म्हणाली, आणि तिची मान ताठ झाली, पूर्वी छापखान्यात व्हायची तशी. दारात जमलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. दंतवैद्यांनी फोटोसुद्धा काढला. कानामात्रांना रडू आवरेना. आली, परत आली! त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"अगं, ओळखलंस ना मला?"

"प्रश्नचिन्ह," ती म्हणाली.

लोक खो खो हसले. कानामात्राही हसले, त्यांना वाटलं चेष्टा करतेय, आधी करायची तशीच. "पुरे आता. सांग बघू, मी कोण?"

"प्रश्नचिन्ह."

तोच सपाट आवाज. त्यांच्या हातातून तिने बोट सोडवून घेतलं होतं आणि ते चौकटीवर पुढच्या ओळीची वाट बघत थांबलं होतं. ती त्यांच्याशी बोलत नव्हतीच. ते काय म्हणतात, ते ती वाचत होती. पुढची ओळ आलीच नाही, तेव्हा तिने बोट उचललं, दमल्यासारखं पलंगाकडे पाहिलं आणि अदबीने विचारलं, "भाऊ, इथे बसलं तर चालेल का?"

गाइडबाईंनी छत्री हलवली. धबधब्याला उशीर होत होता.

बसमध्ये त्यांनी तिला खिडकीजवळ बसवलं, पट्टा लावून दिला आणि मुलीला फोन लावला. पलीकडून मुलीने घाईघाईने विचारलं, "बाबा? म्हणाली का काही?"

"त्या लोकांना कळव," कानामात्रा म्हणाले. "खोली घेऊन टाक."

"पूर्णविराम," शेजारून ती म्हणाली.

जन्माची खोड. फोन कानाशी तसाच धरून कानामात्रांनी तेही मनात ताडून पाहिलं. बरोबर होतं.