चॅपेलच्या चढावरचा जड गिअर

"बाबा, चॅपेलचा चढ तू खरंच एकट्याच्या जोरावर चढलास?"

विचारून दाखवच, म्हणून मैत्रिणींनी फेनाशी पैज लावली होती. सूप पिता पिता तिने विचारलंच! तिचा बाबा वॉर्ड तेव्हा मला चाकासकट मांडीवर घेऊन तेल देत होता. त्याचा हात थांबला.

मित्रांनो, मी रेसच्या सायकलचा जुना गिअर आहे. मागच्या चाकावर ओळीने बसलेल्या दातेरी चकत्या, म्हणजेच मी. मागची चकती मोठी असली की पाय हलका पडतो, लहान असली की जड. माझ्या सगळ्याच लहान! कारखान्यात मला तसंच कापलं, कारण बेल्जियममधल्या आमच्या फ्लँडर्समध्ये तेव्हा जड गिअर मारणाराच खरा गडी. कुणी हलका लावून पाय गरगर फिरवले की रस्त्याकडेचे लोक ओरडायचे, "काय रे, कॉफी दळायला निघालास का?"

टेकडीवरच्या चॅपेलकडे, म्हणजे छोट्या चर्चकडे, चढत जाणारी गावजत्रेची शर्यत वॉर्डने माझ्यावर जिंकली. लोक सायकल खांद्यावर घेऊन नाचले. मला काही वाटलं नाही. पुढे कित्येक वर्षं मी गॅरेजमधल्या खिळ्याला लटकलो, गंजलो. तेव्हाही काही वाटलं नाही.

यंदा फेना त्याच शर्यतीत उतरणार म्हणताच वॉर्डने मला घासूनपुसून तिच्या सायकलला लावलं. "हा आपल्या घराण्याचा गिअर आहे!" झालं! रोज सरावात ती त्या दगडी चढावर अर्ध्यात अडकायची. दातओठ खाऊन पाय दाबायची, तरी मी ढिम्म. मग उतरून सायकल ढकलत वर जायची. गुडघे सुजले. रविवारी एकदाही न उतरता शर्यत पुरी करायची, एवढंच तिला हवं होतं. मला तिची दया यायला हवी होती, मित्रांनो. आली नाही. मी नुसता थंडगार.

"बोल ना, बाबा!"

"अगं... चढलोच की."

आई लीव्हा हातात पळी घेऊन हसत सुटली. "चढलास? माझ्या मामाने ढकललं तुला! मग खाटकाने, मग बेकरीवाल्याने. अख्ख्या गावाने हातोहात वर पोचवलंय ह्याला!"

"तेव्हा सगळ्यांनाच ढकलायचे गं."

"हो, पण पोरीला कधी सांगितलंस?"

खरं आहे ते. मी तिथेच होतो. त्या चढावर माझ्यावर पायाचा जोर असा पडलाच नव्हता.

म्हणून सांगतो मित्रांनो, गिअर निवडताना आपल्या वाटेवरचा चढ बघा, आपले गुडघे बघा. दुसऱ्याच्या कपाटातला चषक बघू नका.

फेना उठली. तिने चाक वॉर्डच्या मांडीवरून उचललं आणि भिंतीला टेकवून ठेवलं.

"आई, बाबा, ऐका. उद्याच मी मोठ्या चकतीचा गिअर बसवून घेणार. शेवटची आले तरी चालेल. रविवारी तुम्ही दोघं चढावर उभे राहा, खूप ओरडा. पण हात खिशात ठेवून!"