खुडबुडी मावशीच्या स्वेटरचा रंग

चित्रकाराने लाल स्वेटरमधली मावशी उचलली, खिडकीशी नेली, उजेडात इकडून तिकडून फिरवून पाहिली आणि परत आणून टेबलावर पालथी ठेवली. तिथे हिरव्या आणि पिवळ्या स्वेटरमधल्या बाहुल्या आधीच पालथ्या पडल्या होत्या.

"हीपण नाही?" एजन्सीच्या बाईने विचारलं.

"वाईट नाही. पण ही आमची मावशी नाही. तिची कोणीतरी श्रीमंत नातेवाईक वाटते."

एजन्सीची बाई हसली, पण तिने घड्याळाकडे पाहिलं ते त्याच्या नजरेतून सुटलं नाही. ती वयाने त्याच्या मुलीएवढी असेल. मावशीचं चित्र कोणाला कपावर हवं, दप्तरावर हवं, जाहिरातीत हवं, तर त्याने आधी या बाईकडे यायचं, करार करायचा, आणि शेवटी नमुना चित्रकाराच्या टेबलावर यायचा. त्याने हो म्हटल्याशिवाय काही बाजारात जायचं नाही, अशी अट तिनेच भांडून करारात घालून घेतली होती. आता त्याच अटीने तिचा जीव खाल्ला होता.

"सर, खेळणीवाल्यांनी आज संध्याकाळपर्यंत थांबतो म्हटलंय. तोपर्यंत तुम्ही रंग सांगितला नाहीत, तर करारातल्या मुदतीप्रमाणे ते त्यांच्या पाहणीतला रंग घेतील. पाहणीत लाल आलाय. आणि बाहुली लाल झाली की कप लाल, दप्तर लाल, पुढे पडद्यावर आली तरी लालच. एकदा ठरला की ठरला."

"माहीत आहे गं मला."

खुडबुडी मावशी वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर रोज सकाळी चार चौकटींत यायची. कोणाचा नळ गळतो, कोणाचं घड्याळ बंद पडलंय, मावशी हजर. कानामागे स्क्रूड्रायव्हर, पायात पुरुषी बूट, अंगात ढगळ स्वेटर. एक वस्तू नीट करताना ती दुसरी हमखास मोडायची, आणि मोडलेली दुरुस्त करायला उद्या परत यायची. बाकीचं वर्तमानपत्र रंगीत झालं तरी शेवटचं पान काळंपांढरंच राहिलं. त्यामुळे मावशीच्या स्वेटरला रंग कधी नव्हताच.

निदान चित्रकाराला तसं वाटत होतं. लोकांचं म्हणणं वेगळं होतं. रंग ठरवायचा आहे ही बातमी फुटल्यापासून त्याला रस्त्याने सरळ चालता येईना. दातांच्या डॉक्टरने त्याचं तोंड उघडून ठेवून सांगितलं की स्वेटर चॉकलेटी आहे, आणि बिचाऱ्याला वाद घालायचीही सोय नव्हती. लिफ्टवाला तर चिडलाच. "ठरवायचा म्हणजे काय? पिवळा आहे ना! इतकी वर्षं पिवळाच बघतोय मी." पाचव्या मजल्यावर पोचेपर्यंत चित्रकाराची छाती फुगली होती. जो रंग कधी छापलाच नाही तो लोकांना दिसत होता. त्यांनी आपापल्या घरी मावशीला रंगवून ठेवलं होतं.

फक्त त्यालाच दिसत नव्हता. आणि जिला विचारावं ती बायको हिवाळ्यात गेली होती.

मेहुणी चहा घेऊन आली. बहीण गेल्यापासून ती दर आठवड्याला यायची, डबे उघडून बघायची, पडदे धुवायला काढायची आणि जाताना त्याला चार शब्द ऐकवून जायची.

"लाल घ्या भाऊजी," ती कप ठेवत म्हणाली. "ताईला लाल फार आवडायचा."

"तुझ्या ताईला लाल तुझ्या अंगावर आवडायचा. स्वतः कधी घातला?"

"मग मावशी तरी कुठे ताई होती?"

"नव्हती कशी? बोलायची कोण?"

ते खरंच होतं. चित्रं त्याची, पण मावशी काय म्हणेल, कुठे गप्प बसेल, कोणाला टोमणा मारेल, ते सगळं बायको सांगायची. संवादाच्या फुग्यातली अक्षरंही तीच काढायची. तिचं अक्षर इतकं छान होतं की छापखान्यातले लोक ते टाइप समजायचे. ती आजारी पडल्यावर त्याने मावशीची चित्रपट्टी बंद केली. संपादकाने दुसरा लेखक देऊ केला, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मावशीचा घसा बसलाय." पट्टी थांबली, पण मावशीला मागणी वाढली.

"सर, असं करू," एजन्सीची बाई म्हणाली. "रंग राहू दे बाजूला. मला मूळ चित्रं तर दाखवा. बाहुलीवाल्यांना मावशी वाकलेली, बसलेली, चढताना, पडताना, सगळी हवी आहे. तेवढं तरी आज उरकू."

मूळ चित्रं कपाटाखालच्या पत्र्याच्या सपाट खणांत होती. हिवाळ्यापासून ते खण त्याने उघडले नव्हते. मेहुणीने खाली बसून पहिला खण ओढला. तो अडकला, तिने बहिणीला एक शिवी घातली, "काय कोंबून ठेवलंय बाई हिने!" आणि खण सुटला.

एजन्सीच्या बाईने वरचा कागद उचलला आणि तशीच बसून राहिली.

"सर, हे काय?"

"काय?"

"निळा आहे. स्वेटर निळा आहे!"

मेहुणीने तिच्या हातातून कागद जवळजवळ हिसकावला. काळ्या शाईच्या रेघांखाली, स्वेटरच्या जागी, फिकट निळी पेन्सिल फिरलेली होती. दुसऱ्या कागदावर तेच. तिसऱ्यावर तेच.

"सापडला!" मेहुणी म्हणाली. "आणि हे बसलेत महिनाभर बाहुल्यांना पालथं पाडत!"

चित्रकार हसला. बऱ्याच दिवसांनी हसल्यामुळे त्याला मध्येच खोकला आला.

"अगं, ती पेन्सिल रंगासाठी नसते. ती छापखान्यासाठी. छपाईच्या कॅमेऱ्याला फिकट निळं दिसत नाही. म्हणून कामगारांना काही सांगायचं असेल तर निळ्याने लिहायचं, म्हणजे ते छापलं जात नाही. स्वेटर करडा दिसावा म्हणून तिथे ठिपक्यांची जाळी टाकायचे. जाळी कुठे टाकायची त्याची ही खूण, अक्षरं झाली की बायको करून द्यायची. दुसऱ्या कुठल्या रंगाने केली असती तर छापून आली असती. दिसू नये म्हणून निळा. एवढंच."

दोघींचे चेहरे पडले. एजन्सीची बाई मात्र लगेच सावरली. तिच्या धंद्यात ते लागायचंच.

"तरी सर, मूळ चित्रात निळा आहे हे तर खरं? मी हा कागद कंपनीला दाखवला तर ते दोन मिनिटांत हो म्हणतील. पाहणी गेली खड्ड्यात. बाईंच्या हातचा रंग आहे म्हटल्यावर कोण बोलणार?"

मेहुणीने त्याच्याकडे पाहिलं. तिलाही ते हवं होतं. त्यालाही हवं होतं. लाल टळत होता, वाद मिटत होता, आणि मावशीच्या अंगावर तिच्या हातचं काहीतरी राहणार होतं. फक्त गप्प बसायचं होतं.

त्याने चहाचा घोट घेतला. चहा निवला होता.

"नको," तो म्हणाला. "ती छापखान्याची खूण आहे. तिचा रंग म्हणून सांगितला तर ती तिच्या नावावर मारलेली थाप होईल. त्यापेक्षा लाल होऊ दे."

"धन्य आहे तुमची!" मेहुणी म्हणाली आणि कप उचलून आत गेली. आत भांडी नेहमीपेक्षा जोरात वाजली.

एजन्सीच्या बाईने वाद घातला नाही. ती खाली सतरंजीवर बसून कागद काढू लागली. वाकलेली मावशी एकीकडे, बसलेली एकीकडे. चित्रकार खुर्चीत बसून तिचे हात बघत होता. कागद ती कडेला धरून उचलत होती, शाईवर बोट लागू देत नव्हती. ते त्याला बरं वाटलं.

"ही शिडीवरून पडते ती कधीची?"

"जुनी आहे. पत्रं आली होती ढीगभर, मावशीला लागलं का म्हणून. दुसऱ्या दिवशी तिला उभी दाखवावी लागली."

"आणि या दुसऱ्या दिवशीच्या मावशीच्या कोपरावर हे काय केलंय?"

"कुठे? कोपरावर मी काही काढलेलं नाही."

"शाईत नाही. निळ्यात."

त्याने चष्मा लावला. पडल्याच्या दुसऱ्या दिवशीची मावशी शिडीला लाथ मारत होती. तिच्या डाव्या कोपरावर, निळ्या पेन्सिलीत, नखाएवढा चौकोन होता. आडवे धागे, त्यांतून खालीवर काढलेले उभे धागे. रफू.

"पुढचा दे."

पुढच्या कागदावर मावशी नळाखाली वाकली होती. कोपरावर रफू. त्याच्या पुढच्यावर रफू. तिने आधीचे काढून दिले. पडण्याच्या आदल्या दिवशीचं कोपर साफ होतं, त्याच्या आधीचीही साफ. पडल्यानंतर मात्र, जिथे जिथे डावं कोपर दिसत होतं, तिथे ते रफू होतं. एका चित्रात त्याने हात पाठीमागे काढला होता, तर बाहीच्या कडेला धाग्यांची नुसती टोकं होती.

"सर, एक विचारू? जाळीची खूण करायला इतकं भरावं लागतं?"

"नाही. एक फुली पुरते."

"आणि हे?" तिने तळच्या खणातला एक कागद वर धरला. त्याच्या पाठीवर कॉम्प्युटर विभागाचा शिक्का होता. "तेव्हा तो कॅमेरा होता?"

"तो केव्हाच मोडीत काढला होता. जाळी मग ते तिकडेच टाकायचे, आपली आपण. इकडून सांगावंही लागत नव्हतं."

"मग ही खूण कोणासाठी?"

चित्रकार तो कागद घेऊन उठला. या स्वेटरवर तर वीणच होती. एक उलटा, एक सुलटा, गळ्यापासून खालच्या पट्टीपर्यंत. दुसऱ्या एका कागदावर मावशी भिजून आली होती. त्याने तिच्या केसांतून चार थेंब गळताना दाखवले होते आणि काम झालं म्हणून ब्रश धुतला होता. खाली निळ्यात स्वेटर ओला होऊन ओघळला होता, बाह्या बोटांपर्यंत आल्या होत्या.

रोज संध्याकाळी शाई वाळली की तो कागद तिच्यापुढे सरकवायचा. ती अक्षरं काढायची, मग तशीच मान खाली घालून बसायची. वर्तमानपत्राचा माणूस दारात उभा असायचा. "झालं का?" म्हणून चित्रकार ओरडायचा, आणि ती म्हणायची, "थांबा हो. हिच्या अंगात काहीतरी घालू दे." त्याला वाटायचं, आपली चेष्टा करते.

मेहुणी पदराला हात पुसत बाहेर आली. तिने त्याच्या खांद्यावरून वाकून पाहिलं.

"हे आमच्या आईचं रफू," ती हळूच म्हणाली. "असंच करायची. ताईला यायचं. मला मेलीला कधी जमलं नाही."

चित्रकाराने कागद टेबलावर ठेवला, अगदी सरळ, कडेला कड लावून, आणि हात पुढे केला.

"ते रंगांचं पुस्तक दे बघू तुझं."

एजन्सीच्या बाईने पंख्यासारखं उघडणारं नमुन्यांचं पुस्तक दिलं. निळ्याची पानं उघडून तिने सगळ्यांत फिकट पट्टी कागदाशी लावली. "हा अगदी जुळतो सर. पण सांगून ठेवते, दुकानात मांडल्यावर उठून दिसायचा नाही."

"म्हणूनच तो नको."

त्याने पट्ट्या उलटत नेल्या. आभाळी गेला, मोरपंखी गेला. शेवटून दुसऱ्या पट्टीवर त्याचं बोट थांबलं. गडद, ठसठशीत निळा होता.

"एवढा?" मेहुणी म्हणाली.

"इतकी वर्षं कोणाला दिसला नाही. आता लांबून दिसू दे."

एजन्सीच्या बाईने पट्टीवरचा आकडा लिहून घेतला. "आणि रफू?"

"ठेवायचं. डाव्या कोपरावर."

"सर, कंपनी भांडेल. म्हणतील, गिऱ्हाइकाला माल फाटका वाटेल, लोक बाहुल्या परत आणून देतील."

"आणू देत. मी घेईन ठेवून सगळ्या. घर मोठं आहे."

"आणि पडदे कोण धुणार?" मेहुणीने विचारलं, नाक ओढत.

एजन्सीच्या बाईने कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. ती "हो, रफूच," म्हणाली. मग "नाही, चूक नाही," म्हणाली. मग उठून उभी राहिली आणि जरा चढ्या आवाजात म्हणाली, "मंजुरी सरांची आहे. करार काढून वाचा." चित्रकार खुर्चीत ताठ बसून ऐकत होता. एखाद्या कार्यक्रमात आपल्या माणसाचं नाव पुकारलं की माणूस बसतो तसा.

फोन ठेवून तिने रंगांचा तक्ता पुढे ओढला.

"स्वेटर झाला. केस पांढरे, त्यात वाद नाही. बूट राहिले. पाहणीत लोकांनी चॉकलेटी म्हटलंय."

"बूट मीच शाईने भरायचो," चित्रकार म्हणाला. "ते काळे."